साप नर की मादी? गुणसूत्रं आणि पुन्हा पुन्हा येणारा डीएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. सर्पमित्रांच्या गाडीवर मागं बसून जाणं हा जोडधंदा, त्यात पैसा नाही आणि झोपही नाही. भाताच्या सुगीत, उसाला तोड लागली की आणि पहिल्या वळवाच्या पावसात फोन थांबत नाहीत. साप बरणीत गेला की जमलेल्या घोळक्यातनं पहिला प्रश्न ठरलेला : "सर, नर काय मादी?" दुसरा : "जोडीदार येतोय काय मागनं?" दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येतं, नाही. पहिल्याचं उत्तर द्यायला बसलं की रात्र पुरत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.

वरून बघून नर-मादी कळतं का?

अंदाज बांधता येतो. बऱ्याच जातींत नराची शेपटी लांब आणि बुडाशी जाड असते, कारण त्याच्या जननेंद्रियांची जोडी तिथं आत दडलेली असते. मादीची शेपटी अवसारणीनंतर, म्हणजे मलमूत्राच्या आणि जननाच्या सामाईक द्वारानंतर, लगेच निमुळती होते. जाणकार माणूस बोथट सळई आत घालून खोली बघतो, पण हे घरी करून बघायचं काम नाही. सापाला इजा होते, आणि साप विषारी असला तर तुम्हालाही.

धामण ही नागाची मादी असते, हे खरं का?

नाही. नागात नर-मादी दोन्ही नागच असतात आणि धामणीत दोन्ही धामणच. दोघांची कुळंच वेगळी. नागाचा जवळचा भाऊबंद मण्यार आहे, धामण नव्हे.

आता हेही सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी मोबाईलवर चित्रफीत पाठवतं. बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहतात, लोक त्यावर पांढरं कापड टाकायला धावतात आणि ते कापड मग तिजोरीत ठेवतात. ती जोडी बहुतेक वेळा दोन नरांची असते. त्यांची कुस्ती चाललेली असते, एकमेकाचं डोकं खाली दाबायची. मादी असलीच तर बाजूला कुठंतरी गवतात असते.

मग खरा फरक कुठं असतो?

पेशीत. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए गुंडाळून ठेवलेल्या काड्या असतात, त्या गुणसूत्रं. माणसात बाईची लिंग-गुणसूत्रं एक्स-एक्स आणि पुरुषाची एक्स-वाय, म्हणजे मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. नाग, मण्यार, घोणस, धामण यांच्यात उलटा कारभार आहे : नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. पिल्लू नर की मादी हे आईच्या अंड्यावरनं ठरतं. कोंबड्यांतही असंच असतं, पण सापाचं झेड आणि कोंबडीचं झेड एकच नव्हे. २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दोन्हींवरची जनुकं ताडून बघितली, तर ती दोन वेगळ्याच साध्या गुणसूत्रांपासून बनलेली निघाली. नाव तेवढं सारखं.

पोराच्या कन्नड पुस्तकात 'वर्णतंतू' आहे, तुम्ही 'गुणसूत्र' म्हणता. एकच ना?

एकच. जुन्या मराठी पुस्तकांत 'रंगसूत्र' असायचं. रंग चढवला की दिसतात म्हणून मूळ ग्रीक शब्दातही रंगच आहे, तेव्हा खरं सांगायचं तर कन्नड शब्द मुळाला जास्त धरून आहे. परीक्षेत मात्र माध्यमाप्रमाणे लिहा.

सापात गुणसूत्रं किती असतात?

सापांत सगळ्यात जास्त आढळणारा आकडा ३६. त्यातली १६ मोठी आणि २० अगदी बारीक, ठिपक्यासारखी. या बारक्यांना सूक्ष्मगुणसूत्रं म्हणतात. आपल्या नागात ३८ आहेत. जातीगणिक आकडा कमीजास्त होतो, कारण एखादं मोठं गुणसूत्र मध्येच तुटतं किंवा दोन बारकी एकमेकांना चिकटतात.

बारक्यांना कमी लेखू नका. पूर्वी लोकांना वाटायचं ही तुटकी-फुटकी मोडतोड असेल. प्रत्यक्षात त्यांच्यावर जनुकं दाटीनं बसलेली असतात आणि पुनरावृत्त, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा डीएनए कमी असतो. पक्षी, कासवं आणि साप यांच्यातली ही बारकी गुणसूत्रं एकमेकांशी इतकी जुळतात, की ती फार जुन्या काळापासून चालत आलेली असावीत असं २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं. सस्तन प्राण्यांत ती राहिली नाहीत, मोठ्यांत मिसळून गेली.

ही दिसतात कशी? आम्हाला दाखवता येतील का?

सापाची नाही दाखवता येणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय साप पकडून त्यावर प्रयोग करणं गुन्हा आहे. पण पद्धत सांगतो, कारण ती मला फार आवडते.

विभागत असलेली जिवंत पेशी लागते, रक्तातली वाढवलेली किंवा हाडाच्या मज्जेतली. कोल्चिसिन घातलं की पेशीचं विभाजन मध्येच अडकतं, गुणसूत्रं आखडून जाड झालेली असताना. मग पेशी पातळ क्षारपाण्यात ठेवायच्या, त्या पाणी पिऊन भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टरारतात. मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात त्या पक्क्या करायच्या. आणि मग गार काचपट्टीवर थेंब वरून सोडायचा. थेंब आपटला की पेशी पसरते आणि गुणसूत्रं सुटी होतात. माझ्या एमएस्सीच्या वर्षी उंदराच्या मज्जेवर हे करताना पहिल्या दहा काचपट्ट्यांवर नुसते गोळे आले, फोडणीत करपलेल्या मोहरीसारखे. थेंब फार जवळून सोडत होतो. अकराव्या खेपेला स्टुलावर उभा राहून सोडला आणि जिम्सा रंग चढवला. भिंगाखाली जांभळ्या काड्या अशा विखुरल्या होत्या, की मी त्या तीनदा मोजल्या. चाळीस. उंदराच्या चाळीसच असतात.

घरी करायचं असेल तर कांदा घ्या. पाण्याच्या पेल्यावर ठेवा, मुळं फुटली की टोकं कापून ॲसिटोकार्मिननं रंगवा आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाबून बघा. कांद्यात १६ असतात आणि चांगली ठसठशीत दिसतात.

पुनरावृत्त डीएनए म्हणजे काय?

डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी, सी. जनुकं म्हणजे अर्थाची वाक्यं. पण या पोथीत पानंच्या पानं अशी असतात, की एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. काही ठिकाणी चार-पाच अक्षरांचा तुकडा शेकडो वेळा सलग येतो, तर काही ठिकाणी हजारो अक्षरांचा तुकडा इथं एक, तिथं एक असा विखुरलेला असतो. २०२० मध्ये नागाचा जीनोम, म्हणजे डीएनएची ही सगळी पोथी, वाचून झाला. त्याची लांबी सुमारे १७९ कोटी अक्षरं, आणि त्यातला सुमारे ४३ टक्के मजकूर असा पुन्हा पुन्हा येणारा. माणसातही जवळपास निम्मा असतो, तेव्हा सापाला हसू नका.

सगळ्या सापांत तो सारखा नसतो. २०११ मध्ये ब्रह्मी अजगर आणि अमेरिकेतला कॉपरहेड नावाचा विषारी साप यांची तुलना झाली. दोघांच्या जीनोमची लांबी साधारण सारखीच, पण कॉपरहेडमध्ये पुनरावृत्त मजकूर अजगराच्या दुपटीच्या आसपास निघाला.

हा वाढतो कसा? कोण लिहितं एवढं?

दोन वाटा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ.

पहिली वाट घसरण्याची. एकादशीला देवळात भजन ऐकलं असेल. अभंग वेगवेगळ्या ओळींचा असतो तोवर चूक होत नाही. पालुपद घोळवून घोळवून म्हणताना मात्र ते सातदा झालं की आठदा, हे टाळकऱ्यांना कळत नाही आणि कोणी मोजतही नाही. डीएनएची नक्कल करणारं यंत्र अशाच पालुपदावर घसरतं आणि एखादं आवर्तन जास्त किंवा कमी लिहून बसतं. पिढ्यान् पिढ्या हे चाललं की दहाचे शंभर होतात.

दुसरी वाट उड्या मारणाऱ्या तुकड्यांची. हे तुकडे स्वतःची नक्कल काढून जीनोममध्ये दुसरीकडं चिकटवतात. त्यांना यजमानाच्या भल्याबुऱ्याशी काही घेणं नसतं. नक्कल भलत्या ठिकाणी चिकटली तर जनुक बिघडतं. शिवाय एकसारखे तुकडे दोन ठिकाणी असले की पेशी कधीकधी जोड चुकवते, आणि मग गुणसूत्राचा भाग उलटा बसतो, गळतो किंवा दुप्पट होतो. गुणसूत्रांचा आकार-उकार बदलण्यात यांचा हात मोठा असतो.

हे सगळं मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावरच का साचतं?

इथंच खरी गोम आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अंडं किंवा शुक्रपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी येतात आणि आपसात तुकडे बदलून घेतात. नरात झेड-झेड जोडी असते, ती मोकळेपणानं देवघेव करते. मादीत डब्ल्यूला जोडीदार मिळतो तो झेड, आणि त्याच्याशी बहुतेक लांबीवर देवघेव बंद झालेली असते. डब्ल्यू नरात कधी जातच नाही, त्यामुळं त्याला देवघेवीची दुसरी संधीही नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. जिथं दरसाल नांगर फिरतो तिथं हरळी तग धरत नाही. वाटणीच्या भांडणात पडीक राहिलेला तुकडा बघा, चार वर्षांत हरळीनं आणि काँग्रेस गवतानं भरतो. देवघेव म्हणजे नांगर. ती थांबली की खराब झालेलं जनुक बदलून घेता येत नाही आणि घुसलेले पुनरावृत्त तुकडेही उपटले जात नाहीत. जनुकं एकेक करून मरतात आणि मोकळ्या जागेत पालुपदं माजतात.

आधी देवघेव थांबते आणि मग रान माजतं, की आधी पालुपदं साचतात आणि त्यामुळं देवघेव थांबते? सापांच्या गुणसूत्रांवर काम केलेले भारतीय शास्त्रज्ञ लालजी सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं दुसऱ्या बाजूचं होतं. काही सापांत झेड आणि डब्ल्यू लांबीला सारखेच दिसतात, तरी डब्ल्यू आधीच घट्ट गुंडाळलेला आणि पुनरावृत्त डीएनएनं भरलेला सापडतो. म्हणजे साचणं लवकर सुरू होतं. मला स्वतःला वाटतं की दोन्ही एकमेकांना ढकलत असणार, पण वर्गात मी दोन्ही बाजू सांगतो.

या गुंडाळण्याचा एक फायदा मात्र आहे. अशा मादीच्या साध्या, न विभागणाऱ्या पेशीतही रंगवल्यावर डब्ल्यूचा एक गडद ठिपका दिसतो, नराच्या पेशीत दिसत नाही. घोळक्यातल्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर हा ठिपका आहे.

मण्यारीच्या डीएनएचा न्यायालयाशी काय संबंध?

आहे, आणि ही गोष्ट आपल्या पोरांना माहीत असायला हवी.

लालजी सिंह हे जौनपूर जिल्ह्यातल्या खेड्यातले. बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक रायचौधरी यांच्या हाताखाली त्यांनी भारतीय सापांची गुणसूत्रं अभ्यासली. पुढं एडिनबरोला के. डब्ल्यू. जोन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी सापाचा डीएनए सीझियमच्या क्षाराच्या द्रावणात प्रचंड वेगानं फिरवला. असं केलं की बहुतेक डीएनए एका पट्ट्यात गोळा होतो आणि वेगळ्या वजनाचा पुनरावृत्त डीएनए बाजूला छोटा पट्टा धरतो. पट्टेरी मण्यारीतला असा एक छोटा पट्टा मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावर एकवटलेला निघाला. ही पट्टेरी मण्यार म्हणजे आपल्याकडं घरात शिरते ती नव्हे, काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांची वेगळी जात. त्या तुकड्याचं नाव पडलं बीकेएम. 'बँडेड क्रेट मायनर' याचं ते लघुरूप. आत बघितलं तर मुख्य पालुपद होतं जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए.

हेच पालुपद उंदरात आणि माणसातही सापडलं. आणि वर सांगितलं तसं पालुपदाची आवर्तनं माणसागणिक कमीजास्त असतात. १९८७ मध्ये सिंह हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आले, आणि पुढच्याच वर्षी मण्यारीच्या त्या तुकड्याचा गळ टाकून माणसांची ओळख पटवायची भारतीय पद्धत त्यांनी उभी केली. इंग्लंडात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये वेगळ्या तुकड्यावरून डीएनए ठसे काढले होते. सिंह यांचा तुकडा सापातून आलेला. पितृत्वाचे खटले, खून, राजीव गांधी हत्येचा तपास, अशा ठिकाणी ही पद्धत वापरली गेली. सिंह २०१७ मध्ये वारले.

म्हणजे जी-ए-टी-ए मुळं पिल्लू मादी होतं?

नाही. ऐंशीच्या दशकात तशी आशा होती. पुढं १९९० मध्ये माणसातलं नर ठरवणारं एसआरवाय जनुक सापडलं, ते वेगळंच निघालं. पालुपद लिंग-गुणसूत्रावर साचतं, पण त्यामुळं ते लिंग ठरवतं असं होत नाही. धान्याच्या कोठीत उंदीर सापडला म्हणून धान्य उंदरानं पिकवलं असं आपण म्हणत नाही.

अजगरातही झेड-डब्ल्यूच का?

बरीच वर्षं पुस्तकांत शिडी शिकवली जायची. १९६७ मध्ये सुसुमू ओहनो यांनी मांडलेली : अजगर आणि बोआ या अजगरासारख्या सापांत झेड आणि डब्ल्यू सारखे दिसतात, ही खालची पायरी. धामणीच्या कुळात थोडा फरक पडला, ही मधली. घोणस-मण्यारीत डब्ल्यू झिजून गेला, ही वरची. कल्पना देखणी होती. लिंग-गुणसूत्रं साध्या गुणसूत्रांपासून बनतात हा तिचा गाभा आजही टिकून आहे. पण २०१७ मध्ये अजगर आणि बोआ यांच्यात झेड-डब्ल्यू नसून एक्स-वाय व्यवस्था असल्याचं दाखवलं गेलं, म्हणजे नर वेगळ्या गुणसूत्रांचा. शिडीची खालची पायरी वेगळ्याच शिडीची निघाली. तरी आमच्या नोट्समध्ये ती जुनी आकृती अजून झेरॉक्स होत असते. मीही ती दोन वर्षं फळ्यावर काढली, हे कबूल करतो.

आपल्या साध्या मण्यारीत काही विशेष आहे का?

आहे. तिच्या मादीत डब्ल्यू एक नसून दोन आहेत. नर झेड-झेड, मादी झेड आणि दोन डब्ल्यू. म्हणजे मादीच्या पेशीत नरापेक्षा एक गुणसूत्र जास्त. हे भारतीय शास्त्रज्ञांनीच १९७० मध्ये शोधलं. कन्नड-मराठी दोन्ही गल्ल्यांत जिला बघून लोकांची गाळण उडते, तिच्या पोटात गणिताचं असं कोडं आहे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचावी आणि चावली तर मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखान्यात जावं, हे मात्र गुणसूत्रांच्या आधी लक्षात ठेवा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, म्हणून लोक वेळ घालवतात.

गाई-म्हशीत सापाचा डीएनए असतो असं ऐकलं. धामण दूध पिते म्हणून का?

दूध साप पीत नाही. त्याला गाईचं आचळ चोखताही येत नाही, तशी तोंडाची रचनाच नाही. पण अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती दुधापेक्षा भारी आहे.

बोव्ह-बी नावाचा एक उडी मारणारा तुकडा आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात त्याच्या नकला मुबलक आहेत. तोच तुकडा साप-सरड्यांतही आहे, आणि इतका सारखा, की सामाईक पूर्वजाकडून आला म्हणणं जमत नाही. मधल्या घोडा-माणसाच्या फांद्यांवर तो तसा नाही. म्हणजे तो आडवा गेला, एका प्राण्यातून दुसऱ्यात. कोणाच्या मार्फत? २०१३ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं रक्त पिणाऱ्या गोचिडांत हा तुकडा सापडला. गोठ्यात आपण गोचीड काढून चुलीत टाकतो. तसल्याच कुठल्यातरी गोचिडानं कधीकाळी सरपटणाऱ्याचं रक्त पिऊन मग गुरांच्या पूर्वजाला तोंड लावलं असावं, हा आजचा सगळ्यात पटणारा अंदाज.

विष आणि पुनरावृत्त डीएनए यांचा संबंध?

थोडक्यात : विषाची जनुकं एकाची दोन, दोनाची चार अशी वाढलेली असतात, आणि अशी दुप्पट होण्यात आजूबाजूच्या पुनरावृत्त तुकड्यांचा हातभार लागू शकतो. अमेरिकेतल्या एका खुळखुळ्या सापाचा जीनोम २०१९ मध्ये गुणसूत्रवार लावला, तेव्हा विषाची प्रमुख जनुक-कुळं त्या बारक्या सूक्ष्मगुणसूत्रांवर सापडली. नागात विषाशी संबंधित १३९ जनुकं मोजली गेली, त्यातली १९ फक्त विषग्रंथीतच चालतात. पुढची प्रतिविषं घोड्याच्या रक्ताऐवजी या १९ वर नेम धरून बनवावीत, असा विचार चालू आहे.

सापडलेल्या कातीवरून नर-मादी कळेल का?

गुणसूत्रं दिसणार नाहीत. कात मेलेल्या पेशींची असते आणि गुणसूत्रं बघायला विभागणारी जिवंत पेशी लागते. पण कातीत डीएनएचे तुकडे उरतात. ते प्रयोगशाळेत वाढवून जात ओळखता येते, आणि डब्ल्यूवरचा खास तुकडा माहीत असलेल्या जातीत मादीही ओळखता येते. कात ताजी आणि कोरडी असली तर बरं. पावसात भिजून बुरशी आलेली आणू नका, माझ्या कपाटात अशा चार आहेत आणि बायको रोज विचारते.

नागराज आता वेगळी जात झाली म्हणे?

हो. चोर्ला-कणकुंबीच्या बाजूला ज्याला नागराज म्हणतात तो पश्चिम घाटातला साप २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. शास्त्रीय नाव ओफिओफॅगस कालिंगा, कन्नडातल्या 'काळिंग'वरून. खवले, पट्ट्यांची संख्या आणि डीएनए, तिन्ही बघून.

मांडुळाला दोन तोंडं असतात का? गुणसूत्रं दुप्पट म्हणून?

तोंड एकच, शेपटी बोथट. गुणसूत्रांचा काही संबंध नाही. त्याला लाखो रुपये मिळतात म्हणून कोणी सांगितलं तर तो तुम्हाला तुरुंगात घालायच्या वाटेवर आहे.

"सर, कुंडीत सापाचं पिल्लू वळवळालंय. गांडुळापेक्षा जरा काळं आणि तुकतुकीत."

हा फोन जूनमध्ये आठवड्याला एक तरी येतो. परवाचा बेळगावच्या टिळकवाडीतून होता. गुलाबाची कुंडी बदलताना निघालेला वीतभर साप बाईंनी चहाच्या गाळणीत धरून ठेवला होता. तो वाळा. पूर्ण वाढलेला, आंधळा, बिनविषारी, मुंग्यांची अंडी आणि वाळवी खाणारा.

आणि तो 'तो' नसून 'ती' होती, हे मी न बघता सांगितलं. वाळ्यात नरच नसतात. या जातीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, एकूण ४२. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून तिच्यासारख्याच मुली निघतात. म्हणून मातीच्या एका कुंडीतून एकटी गेली तरी नव्या गावात वंश सुरू होतो. अशाच कुंड्यांतून वाळा जगभर पसरला आहे.

बाईंनी विचारलं, "मग गाळणीचं काय करू?" गाळणी धुऊन घ्या म्हटलं, आणि तिला परत त्याच कुंडीत सोडा.